शिडीच्या नावची सही

लवंगीच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. नोव्हेंबरातला सोमवार होता. लवंगी बिस्किटांचे पुडे घेऊन कामावर आली, ती फाटकापासूनच सांगत आली, "एक नाही, दोन! दोन नाती झाल्या मला!" पण त्याच सकाळी लाँड्रीतल्या फळ्यावर एक नवा कागद लागला होता. शिडीला मुकादम केलं होतं. बायका लवंगीची बिस्किटं खात होत्या आणि अभिनंदन शिडीचं करत होत्या.

"बिस्किटं माझी नि कौतुक हिचं!" लवंगी मनात म्हणाली. ठिणगी पडली ती तिथे.

ही लाँड्री एका मोठ्या इस्पितळाची. रोज दोन हजारांवर चादरी धुऊन निघायच्या. वाफेच्या रोलरमधून चादर गरम बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत जायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे सरायचं. एकटीचं ते काम नव्हे. म्हणून घडीवर बायका जोडीनेच लावलेल्या असत. लवंगी बुटकी, चिपाड आणि जिभेची तिखट. तिची जोडीदारीण उंच आणि संथ, म्हणून ती शिडी. अकरा वर्षं ही जोडी अभंग होती.

जोड्यांची एक रीत होती. फाटकाजवळच्या खोलीत हजेरीचं रजिस्टर असे. जोडीतली जी आधी येईल तिने दोघींच्याही सह्या करायच्या. कुणाची बस चुके, कुणाचं मूल तापाने फणफणलेलं असे. दोघींपैकी एक तरी वेळेवर पोचे, म्हणून सगळ्यांचं निभावून जाई. शिडीची सही म्हणजे दोन वेलांट्या आणि एक लांब शेपूट. लवंगी ती डोळे मिटून करी. खुद्द शिडीपेक्षा झोकदार करी, असं शिडीच म्हणायची.

नाक मुरडू नका, मंडळी. आपल्यापैकी किती जणांनी शेजाऱ्याच्या, भावाच्या, साहेबाच्या नावापुढे सही ठोकून दिली आहे, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. आपण त्याला मदत म्हणतो. बहुतेक वेळा ती मदतच असते.

शिडी मुकादम झाल्यावर लवंगीला नवी जोडीदारीण मिळाली. ती कामाला नुकतीच लागली होती, म्हणून तिचं नाव पडलं नवी. पोर बऱ्यापैकी उंच, हसरी आणि चटपटीत होती. पण लवंगी-नवीची घडी जमेना. चादर तिरकी येई, कोपरे सरकत. एक दिवस शिडी टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "लवंगी, कोपरे जुळत नाहीयेत गं. बघ जरा."

सगळ्यांसमोर! अकरा वर्षं जिच्याबरोबर घड्या घातल्या, तिने आपल्याला घडी शिकवावी?

"हो मुकादमबाई," लवंगी म्हणाली, "बघते हं मुकादमबाई."

शिडीला ते लागलं. "मला शिडीच म्हण ना," ती हळूच म्हणाली.

"छे गं बाई. उद्या नोकरीवरून काढशील."

त्यानंतर शिडी नवीला काम समजावताना दिसली की लवंगी हातातलं काम टाकून तिकडेच बघत राही. दोघी हसल्या की तिला वाटे, मलाच हसतायत. शिडी जुळ्यांसाठी दोन टोपडी विणून घेऊन आली, तेव्हा लवंगीने ती घेतली आणि घरी जाऊन कपाटाच्या तळाशी टाकली. सून म्हणाली, "आई, किती सुंदर आहेत!" लवंगी म्हणाली, "मुकादम झाल्यावर सुचलं तिला."

आता शिडीच्या नवऱ्याचं सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी त्याने घरातच तिच्या मानेवर कात्री चालवली होती. ती वाचली. त्याला दहा वर्षांची शिक्षा लागली. तेव्हा इस्पितळात शिडीच्या उशाशी बसली होती ती लवंगीच. मानेवरचा वण झाकायला शिडी कामाच्या निळ्या कोटाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावून ठेवी. का, ते लाँड्रीत एकट्या लवंगीला ठाऊक होतं. तेवढी एक गोष्ट फक्त तिच्या मालकीची होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फाटकावर एक हवालदार आला. हातात कागद होता. "मुकादमबाई कुठे भेटतील?"

"वरच्या मजल्यावर. साहेबांच्या खोलीत," लवंगी म्हणाली. मग राहवेना, म्हणून जोडलं, "चहा चाललाय."

शिडी वर चादरींचा हिशोब द्यायला गेली होती आणि नवीलाही बरोबर घेऊन गेली होती. लवंगीचं मन मघापासून तिथेच अडकलं होतं.

हवालदार घामाघूम झाला होता. त्याने कागद पुढे केला. शिडीच्या नवऱ्याने पॅरोल मागितला होता, म्हणजे शिक्षा चालू असताना काही दिवस घरी जायची मुभा. त्याची आई आजारी होती आणि त्याला पंधरा दिवस हवे होते. ज्या बाईवर त्याने हल्ला केला तिला भीती वाटते का, तिची हरकत आहे का, एवढं विचारून सही घ्यायची होती. खाली दोन चौकटी होत्या. एकीपुढे 'हरकत आहे', दुसरीपुढे 'हरकत नाही'.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी जोडीदारीण. अकरा वर्षं तिची सही मीच करत आलेय."

हवालदार हसला. "मग करून टाका की. हे गुडघे बघा माझे, चार जिने कुठे चढू? अजून तीन ठिकाणं राहिलीत."

लवंगीने कागद वाचला. वाचता येत नव्हतं, असं नाही. तिने तो दोनदा वाचला. तिच्या डोळ्यांसमोर तो वण आला, त्या चार वर्षांपूर्वीच्या रात्री आल्या. आणि त्या आठवणींच्या मागोमाग दुसराच विचार आला. येऊ दे मेल्याला. फाटकाशी उभा राहून चार शिव्या घालील. मुकादमबाईंचं नाक जरा खाली येईल. घाबरेल, रडेल. आणि मग कुणाकडे धावत येईल? नवीकडे? नवीला काय ठाऊक तिच्या मानेवर काय आहे ते! माझ्याकडेच येईल.

तिने 'हरकत नाही'पुढे खूण केली. खाली दोन वेलांट्या काढल्या आणि एक लांब शेपूट ओढलं.

शिडी खाली आली. "कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही. पत्ता चुकला होता."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो सुटला. शिडीला कुणी कळवलं नाही. कळवायचा नियमच नव्हता. तिने हरकत नाही म्हटल्याचं कागदावर होतं, मग कळवायचं तरी काय? नवव्या दिवशी सकाळी, कामावर येताना, फाटकासमोरच्या बस थांब्यावर त्याने तिला गाठलं. यावेळी ती वाचली नाही. तो पळालाही नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

लाँड्री तीन दिवस बंद होती. इस्पितळ इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरून चादरी मागवत होतं. बायकांनी शिडीचा निळा कोट फाटकाच्या गजाला अडकवला. मग कुणी फुलं ठेवली, कुणी मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून अनोळखी माणसं येऊ लागली. डॉक्टर आले, नर्सबाई आल्या. ज्यांनी तिच्या हातच्या चादरींवर दुखणी काढली होती, असे रोगीही आले. वर्तमानपत्रात फोटो आला. शिडीच्या अंगावर तोच कोट होता आणि वरचं बटण लावलेलं होतं.

लवंगीने दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. पण खरं तेच लिहायचं तर हेही लिहायला हवं. त्या गर्दीत उभं राहून ती जळत होती. नवी बातमीदाराला रडत सांगत होती, "माझी मोठी बहीण होती ती." हे ऐकलं आणि लवंगीच्या काळजात तीच जुनी सुई टोचली. चार महिन्यांची ओळख आणि म्हणे बहीण! अकरा वर्षं टोक धरलं मी. मला कुणी विचारतंय? मेली तरी हिच्याभोवतीच गर्दी!

असा विचार आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तो गेला नाही. मत्सर माणसाच्या मरणालाही लाजत नाही, मंडळी.

आठवडाभरात एक अर्ज तयार झाला. 'पॅरोल कायमचा बंद करा. एकाही कैद्याला शिक्षा संपेपर्यंत बाहेर सोडू नका.' सह्यांचे कागद लाँड्रीत फिरू लागले. सरकारनेही तिघांची समिती नेमली. लोकांचं म्हणणं ऐकून ती नियम बदलणार होती. सगळ्या बायकांनी सह्या केल्या. लवंगीने तर पहिली केली.

सही केली नाही ती एकट्या रफूमावशीने.

रफूमावशी म्हणजे मागच्या खोलीत फाटक्या चादरी शिवणारी म्हातारी. तिचा मुलगा सहा वर्षांपासून तुरुंगात होता. दारूच्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि एरवी कुणी त्यावर बोलत नसे. आता बोलू लागले.

"हिच्या पोराला सुटी मिळणार नाही ना, म्हणून सही नाही!" एक जण म्हणाली.

"शिडीचं रक्त अजून फाटकाशी वाळलं नाही, आणि हिला खुन्यांचा पुळका!"

रफूमावशीने सुईतून मान वर केली नाही. "बोला गं बायांनो. बोलून घ्या."

समितीपुढे एका अधिकाऱ्याने कागदपत्रं मांडली आणि ती वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा वारं फिरलं. चौकशी नियमाने झाली होती, असं अधिकारी म्हणाले. बाईंना विचारलं होतं. बाईंनी 'हरकत नाही' लिहून दिलं होतं, खाली त्यांची सही होती.

दुपारच्या सुट्टीत डबे उघडेच राहिले.

"म्हणजे तिनेच बोलावलं त्याला?"

"नवरा शेवटी नवरा असतो बाई. जीव गुंतला असेल पुन्हा."

"आणि आपण उगाच मेणबत्त्या लावत बसलो."

दोन दिवसांत फाटकावरची फुलं कमी झाली. आणि काय सांगावं! लवंगीच्या मनात क्षणभर एक गारवा शिरला. शिडी उतरली. शेवटी उतरली एकदाची! क्षणभरच. मग तिला घेरी आली आणि ती चादरींच्या ढिगावर बसली. नवी पाणी आणायला धावली. "काकू, काय होतंय?" लवंगीने पाण्याचा पेला तिच्या हातून घेतला नाही.

त्या संध्याकाळी शिडीची मुलगी लवंगीच्या घरी आली. एकोणीस वर्षांची, आईसारखीच उंच. दारातून आत येताना आईसारखीच मान वाकवून आली. सुनेने एक जुळी तिच्या मांडीवर दिली. पोरीच्या डोक्यावर टोपडं होतं, कपाटाच्या तळातलं. सुनेने कधीतरी काढून घातलं असावं. मुलीने ते ओळखलं आणि त्यावरून बोटं फिरवत राहिली.

"काकू, तुम्ही आईच्या जवळच्या. खरं सांगा. आईने सही केली होती?"

लवंगीने दुसऱ्या जुळीला सुनेच्या हातून घेतलं.

"तिने मला का नाही सांगितलं? मी त्या दिवशी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले असते. लोक म्हणतात तिला तो हवा होता. काकू, चार वर्षं ती झोपताना दाराला खुर्ची लावायची. आता मला कळेना, ती खुर्ची खोटी होती का?"

"चहा टाकते," लवंगी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला धरून उभी राहिली. ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलगी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी लवंगी रफूमावशीच्या खोलीत गेली. तिला भांडायचं होतं. कुणाशी तरी भांडल्याशिवाय तिला श्वास घेता येईना.

"मावशी, सगळ्यांनी सही केली, तूच का नाही? खरंच पोरासाठी?"

"पोरासाठीही," रफूमावशी शांतपणे म्हणाली. "बाप गेला तेव्हा माझ्या लेकाला सात दिवस सोडलं होतं. बापाला खांदा दिला आणि आठव्या दिवशी आपल्या पायांनी परत गेला. त्या सात दिवसांत तो पहिल्यांदा माझ्यापुढे रडला. म्हणाला, आई, ज्याला मी मारलं त्यालाही बाप होता गं. तुरुंगाच्या भिंतीला बघून त्याला हे सुचलं नव्हतं. दार उघडलं म्हणून सुचलं."

"आणि शिडी? तिच्यासाठीही दारच उघडलं ना!"

"तिथेच तर माझं भांडण आहे. हे बघ." तिने मांडीवरची चादर उचलून उजेडात धरली. "इथे फाटलंय. मी शिवायचं ते इथे की अख्खी चादर कापून टाकायची? फाटलंय कुठे ते आधी बघा ना! ज्या बाईच्या मानेवर कात्री चालली, ती आपल्या हाताने 'हरकत नाही' लिहील? शिडी? माझा विश्वास नाही. तिला कुणी विचारलंच नसणार. आणि न विचारता सोडणार असतील, तर पॅरोल बंद करून काय होणार? सहा वर्षांनी शिक्षा संपून तिचा नवरा सुटलाच असता. तेव्हाही तिला न सांगताच सोडला असता. दार दोषी नाही गं. दारापलीकडे कोण उभं आहे, हे न बघता उघडणारा दोषी."

लवंगीने चादरीचं लोंबतं टोक हातात घेतलं.

"शिडी माझ्याकडे खांद्याला मलम लावायला यायची, ठाऊक आहे तुला?" रफूमावशी पुन्हा टाके घालत म्हणाली. "तू बुटकी. तिने हात आपल्या उंचीला धरले असते, तर तुमची चादर तिरकी झाली असती. अकरा वर्षं ती कोपरात हात वाकवून, खाली धरून उभी राहिली. खांदा गेला तिचा. मी म्हटलं, सांग की तिला, पायाखाली पाट घे म्हणावं. तर म्हणाली, नको मावशी, तिला वाईट वाटेल. आणि मुकादम झाली तेव्हा नवीला वर नेऊन हेच शिकवत होती, लवंगीबरोबर घडी घालताना हात खाली धर म्हणून."

लवंगी उभी होती तिथेच खाली बसली. तिने चेहरा त्या फाटक्या चादरीत खुपसला आणि हंबरडा फोडला.

"मावशी, मी केली! ती सही मी केली!"

रफूमावशीच्या हातातली सुई थांबली. तिने लवंगीला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायला हवं, ती पोर दाराला खुर्ची लावून बसली असेल. आधी तिच्याकडे जा. मग समितीपुढे जा."

"मला दगडं मारतील मावशी."

"मारतील. मग?"

लवंगी गेली. शिडीच्या मुलीने सगळं उभ्यानेच ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे आईने लिहिलं नव्हतं." मग दार उघडून बाजूला झाली. लवंगीने चपला पायात घातल्या आणि खाली मान घालून बाहेर पडली.

समितीची सुनावणी मे महिन्यात इस्पितळाच्याच सभागृहात झाली. खुर्च्या अपुऱ्या पडल्या. एक वकील पॅरोल बंद करा म्हणाले, दुसरे करू नका म्हणाले. मग लवंगीचं नाव पुकारलं गेलं. माईक तिच्या डोक्याच्या वर होता. शिपाई तो खाली करायला आला, तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली.

"त्या कागदावर जी सही आहे, ती माझी आहे," ती म्हणाली. "शिडीने तो कागद पाहिलासुद्धा नाही. हवालदार आला होता, ती वर होती. मी म्हटलं, मी तिची जोडीदारीण. त्यांनी कागद दिला, मी सही केली. आमच्यात तशी रीत आहे."

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

इथे तिला सुटता आलं असतं. नाही म्हणाली असती तर लोकांनी कीव केली असती.

"येतं. दोनदा वाचला मी तो. ती मुकादम झाली आणि मी जळत होते. मला वाटलं, तो येईल, तिला घाबरवील आणि ती पुन्हा माझ्याकडे येईल. मारेल असं वाटलं नव्हतं. पण वाटायला हवं होतं! मानेवरचा वण मी बघितला होता!"

"बाहेर काढा तिला!" मागून कुणीतरी ओरडलं. नवी उठून उभी राहिली होती. पण लवंगी हलली नाही.

"मला काय करायचं ते करा. पण साहेब, माझ्यासारखी बाई प्रत्येक फाटकावर असते. कुणी जळणारी, कुणी भोळी, कुणी घाईतली. सही सोपी असते. तो कागद जिला भीती आहे तिच्याच हातात द्या. तिला वाचून दाखवा. ती 'हो' म्हणो की 'नाही', तो कुठल्या दिवशी सुटणार ते तिला सांगा. एवढं केलं असतं, तर शिडी त्या दिवशी बसने एकटी आली नसती. आपल्या मुलीबरोबर आली असती. माझ्याबरोबर आली असती!"

लवंगीवर खटला झाला. हवालदार निलंबित झाला. लवंगीला न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि ती तिने भोगली. त्याच तुरुंगातून, सून आजारी पडली तेव्हा, तिने चार दिवसांचा पॅरोल मागितला होता. विचारणा शिडीच्या मुलीकडे गेली. नियम अजून बदलला नव्हता, पण यावेळी कागद तिच्या घरी गेला आणि तिच्याच हातात दिला गेला. तिने दोन दिवस तो जवळ ठेवला आणि मग स्वतःच्या हाताने 'हरकत नाही' लिहिलं. का लिहिलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

समितीने पॅरोल बंद केला नाही. नियम बदलायला दीड वर्ष लागलं. आता कैदी सुटण्याआधी पीडित बाईला समक्ष भेटून विचारावं लागतं आणि तारीख कळवावी लागते. हजेरीचं रजिस्टरही लाँड्रीत आता जिचं तिलाच भरावं लागतं. लवंगीला पुन्हा कामावर घेतलं ते रफूच्या खोलीत. कधी घडीवर बाई कमी पडली तर ती जाते. समोरून नवी टोक धरते. बोलत नाही. पण हात खाली धरते.

मंडळी, दुसऱ्याचं भय आपण सांगू नये आणि दुसऱ्याची संमती आपण देऊ नये, मग ते माणूस कितीही जवळचं असो. आणि ज्याच्यावर आपण जळतो, त्याच्या नावाचा कागद हाती आला तर तो खाली ठेवावा आणि चार जिने चढून त्यालाच हाक मारावी. कायदा सरकारने सुधारायचा असतो, पण तो रोज पाळला किंवा मोडला जातो तो आपल्या हातून.

लवंगीची जोडीदारीण, मुकादम, एका मुलीची आई, वय बेचाळीस, जुळ्या चार महिन्यांच्या असताना, एकोणीस मार्चला, गुरुवारी, सकाळी पावणेसात वाजता वारली.